पुरो म्हणेपर्यंत

"कशे आसात मास्तर?" असं कोणी विचारलं की मास्तर आधी तोंड उघडत नसत. दोन्ही हात छातीशी आणून एका मुठीवर दुसरी मूठ ठेवत, हवेतली दोरी धरल्यासारखी, आणि टाचांवर जरासे मागे रेलत. मग म्हणत, "फॉर डिअर लाइफ." विचारणारा देवळातला गुरव असो, गॅसचा सिलिंडर आणणारा असो की कोणाचा मुंबईचा जावई असो, मुठी त्याच आणि इंग्रजी तेच. गुरवाची बरीच वर्षं समजूत होती की मास्तर मुसळ मागताहेत. एकदा बिचारा घरून घेऊनही आला होता.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्याकडे आयुष्याला पुरेल असा एकच शब्द असतो. आपण त्याला हसतो. मी तर सगळ्यांत जास्त हसले, आणि शेजारी असल्यामुळे मला पुढच्या रांगेतली जागा होती. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा गडगा. गडगा म्हणजे कमरेएवढी भिंत, जिच्यावरून कढीपत्ता, वर्तमानपत्र आणि भांडणं ये-जा करतात.

मी लग्न होऊन ह्या गावात आले ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तेव्हाचं ते ध्यान डोळ्यांसमोर आणा. विहिरीवर जाताना मनगटावर घड्याळ, आणि ते भिजू नये म्हणून कळशी एकाच हातानं ओढायची. सासूबाई म्हणायच्या, "घड्याळ काढ गो. विहीर खंय पळान जाता काय?" पण माझी ठाम समजूत होती की ह्या किनाऱ्यावर इंग्रजी भाषा माझ्या ट्रंकेतून आली. हायस्कूलमध्ये इंग्रजीच्या एका बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मला 'अ' तुकडी मिळाली, ती कायमचीच. 'ब' तुकडी मास्तरांची. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, आणि ती भिंत असून नसल्यासारखी.

वाक्प्रचारांचा धडा आला. मी फळ्यावर लिहिलं, 'फॉर डिअर लाइफ: जिवाच्या आकांतानं'. लिहून घ्या, पुढचा घ्या. माझ्या तासाला वाक्प्रचार असे पडायचे, वाऱ्यानं पडणाऱ्या कच्च्या आंब्यांसारखे. पलीकडून मात्र आवाज येईना. खिडकीतून पाहिलं तर अख्खी 'ब' तुकडी शाळेच्या मागच्या उतरणीवर, आणि मास्तर फणसाच्या बुंध्याला काथ्याचं जाड सुंभ बांधताहेत. उतरणीखाली भाताचा मळा. पाऊस नुकताच उघडलेला, चिखल असा की रेडा खूश व्हावा.

एकेका पोरानं सुंभ धरायचं, मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, कडेवर उभं राहून मळ्याच्या अंगाला मागे रेलायचं आणि मास्तर "पुरो" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आमच्याकडे पुरेला पुरो म्हणतात. पुरो म्हटल्यावर पोरगं वर ओढून घ्यायचं आणि मग त्यानं इंग्रजीत वाक्य करायचं.

मी नायलॉनच्या साडीत, उंच टाचांच्या चपला घालून, तिथे गेले. शहाणपण शिकवायला गेले, दुसरं काय.

"बाई, झालो तुमचो वाक्प्रचार?"

"केव्हाच."

"लागलो?"

"कोणाला?"

"हाताक," मास्तर म्हणाले. "अर्थ हाताक लागाक व्हयो. तोंडाक काय, चुनोय लागता."

मी म्हटलं, यात एवढं काय आहे, आणि सुंभ धरलं. नखांना लाल पॉलिश होतं, म्हणून बोटांच्या टोकांनी धरलं. मागे रेलले. काथ्या चावला, मी सोडलं. चिखलातून वर पाहिलं तेव्हा मला आभाळ दिसायला हवं होतं. दिसली ती 'ब' तुकडी, दात काढून उभी.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वर्गाला शांतपणे विचारलं, "बाईनी सुंभ धरल्यानी, तेका इंग्रजीत काय म्हणूचा?"

मागून एक पोरगी म्हणाली, "लूजली."

"बरोबर. ह्या झाला लूजली. आता ह्येच्या उलट काय ता समाजला मां?"

समजलं. मला तर हाडापर्यंत समजलं. साडीचा डाग काही गेला नाही. पुढे तिची गोधडी झाली, आणि माझी नातवंडं त्या लाल-हिरव्या तुकड्याला "आजीचं इंग्रजी" म्हणतात.

त्यानंतर मी त्या फळ्यांच्या भिंतीला कान लावून त्यांचे तास ऐकू लागले. ते सांगत, "डिअर म्हणजे लाडको नाय. माशे डिअर झाले म्हणतत, तो डिअर. महाग. जीव महाग आसा, परत मिळूचो नाय, म्हणान धरूचो." मग कुठे वापरायचा आणि कुठे नाही. धरणं, लटकणं, धावणं, पोहणं, वल्हवणं अशा कामांबरोबर चालतो. चहा पिण्याबरोबर नाही. कट्टा गावाची एस्टी पकडताना म्हणू नये, शेवटची असली तर म्हणावं. एका मुलानं लिहिलं, 'माझे वडील फॉर डिअर लाइफ झोपतात.' मास्तरांनी चूक दिली आणि खाली अर्धा गुण दिला, कारण ते वडिलांना ओळखत होते.

एकदा म्हणाले ते मात्र मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. "जीव जाताना कोण इंग्रजी बोलना नाय. हो वाक्प्रचार धरणाऱ्याचो नाय, बघणाऱ्याचो. जो धरता तेच्याकडे शब्द नसतत. लांब उभो आसता तो म्हणता, बघा कसो धरून आसा."

'लूजली' म्हणणारी ती पोरगी म्हणजे शेवंती, मासेवाल्यांच्या आळीतली. तिची एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा तिचा नंबर आला, तिनं सुंभ धरलं, आणि तेवढ्यात शिपाई सांगत आला की शाळेत साहेब तपासणीला आलेत. मास्तर धावत गेले. साहेबांचा चहा झाला, पोहे झाले, 'अ' तुकडीची तपासणी झाली. त्यात मी साहेबांना माझी पदवी दोनदा सांगितली. घंटा झाल्यावर मास्तरांना आठवण आली. ते धावले, त्यांच्या मागून मी. शेवंती मेरेवर रेललेली, तशीच. बाकीची पोरं भोवती गप्प बसलेली. कोणीतरी "सोड गो" म्हटलं होतं म्हणे, तर ती म्हणाली, "मास्तरानी म्हणूक नाय."

मास्तर लांबूनच "पुरो, पुरो" म्हणत आले. तिचे तळवे सोलले होते. त्यांनी घरून कोकमाचं तेल आणलं आणि स्वतः लावलं. पन्नाशीला आलेली शेवंती आता रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या दारात येते आणि भाव करताना मला म्हणते, "बाई, घट्ट धरा, नायतर चिखलात पडशात."

हसायचं ते इथवरच. पुढचं सांगताना मला हसू येत नाही, आणि आणायला गेले तर ते खोटं होईल.

मास्तरांच्या बायकोला मी वैनी म्हणत असे. जिभेनं तिखट, हातानं त्याहून तिखट. मला ती "मास्तरणी" म्हणायची, अशा सुरात की तो शब्द शिवीसारखा लागावा आणि रागही येऊ नये. नवऱ्याच्या इंग्रजीला ती भीक घालत नसे. "ह्यांच्या फॉर डिअर लाइफान माझो विळो धारदार जाता काय, विचार."

मास्तर निवृत्त झाले, मीही झाले. मग एका सकाळी वैनीनं गडग्यावरून बांगड्यांची आमटी दिली, आणि दुपारी परत दिली. मी चेष्टेनं म्हटलं, "काय वैनी, बांगडे स्वस्त झाले?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण हे तिला शोधावं लागत होतं. नंतर बांगडे साड्यांच्या कपाटात सापडले. नंतर चहात मीठ पडू लागलं. मास्तर तो चहा न बोलता पीत. मी एकदा घोट घेतला आणि तुळशीत ओतला. तुळसही काही दिवस रुसली.

तिचं माहेर खाडीपलीकडे. पूर्वी तर असायची, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी. पूल झाला, तर बंद पडली, धक्क्याच्या पायऱ्या शेवाळल्या. एका दुपारी शेवंतीला वैनी त्या पायऱ्यांवर दिसली. भरतीचं पाणी मांड्यांपर्यंत चढलेलं आणि हातात पिशवी. "वैनी, खंय चललास?" "आवशीकडे. तर चुकतली मां." शेवंतीनं टोपली टाकून तिला ओढून आणलं. त्या दिवशी आमच्या आळीत मासे कोणी खाल्ले नाहीत. मांजरांनी मात्र धक्क्यावर जत्रा केली.

मुलगा नंदू मुंबईहून गाडी घेऊन आला. वाईट मुलगा नव्हे, घाबरलेला मुलगा. माझ्यासमोरच बोलला. "बाबा, दाराक कुलूप लावा."

"कुलूप लावचंय नाय."

"मगे मी नेतंय तिका. थंय बाई ठेवतंय. उंचावर घर आसा, खाडी नाय."

"थंय ती कोणाची?"

"आणि हंय पाण्यात गेली तर कोणाची?"

नंदूच पुढे म्हणाला, "चवथीक येतलंय. तोपर्यंत एकदा जरी ती धक्क्यावर गेली, तर मी इचारूचंय नाय. घेवन जातलंय."

गाडी गेल्यावर मास्तर गडग्याशी आले. मी विचारलं, "कशे आसात?" त्यांनी मुठी केल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून खटपट सुरू झाली. बाजारातून सुंभाची वेटोळी आणली. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून गडग्यापर्यंत, आणि गडग्याचे चिरे काढून जी वाट केली तिच्यातून थेट माझ्या पडवीच्या खांबापर्यंत. कमरेच्या उंचीवर, ताणून. मी म्हटलं, "नायलॉनची दोरी घ्या की, भिजून कुजायची नाही."

"बाई, तुमचा नायलॉनाचा प्रेम अजून गेला नाय," ते म्हणाले. "नायलॉन सरकता. काथो चावता. चावलो की याद रवता."

आणि मग त्या ऐंशीकडे झुकलेल्या माणसानं परत वर्ग घेतला. पट एकाच मुलीचा. "धर. फॉर डिअर लाइफ." ती धरायची. "चल." ती चालायची. "पुरो." ती सोडायची. रोज सकाळी, रोज दुपारी. वैनी मधूनच लख्ख शुद्धीवर यायची आणि तो दिवस सगळ्यात वाईट जायचा. एकदा सुंभ हातात घेऊन ती म्हणाली, "माका दाव्याक बांधलास? गाय समाजलास?"

मास्तर म्हणाले, "गायीच्या गळ्यात बांधतत. तुझ्या हातात दिलंय."

"दिलास तर सोडतंय."

"सोड."

तिनं सोडलं. उंबऱ्यावर बसली आणि रडली. तीही, तेही. मी कढीपत्ता न घेताच घरात आले.

पण नाव विसरली, घर विसरली, नंदूचा फोटो पाहून "हो कोण वकील?" म्हणाली, तरी सुंभ विसरली नाही. माहेरी जायची लहर आली की पिशवी घेऊन निघायची, सुंभ धरायची आणि ते नेईल तिथे, म्हणजे माझ्या पडवीत, येऊन थांबायची. खांबाशी उभी राहायची. मी म्हणे, "ये वैनी, बस." ती बसत नसे. सोडतच नसे. मास्तरांना हाक मारावी लागे. ते येत आणि "पुरो" म्हणत.

शेवटी त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. गडग्याच्या त्या बाजूला ते, ह्या बाजूला मी.

"म्हणा."

"पुरो."

"ह्या पंगतीतला झाला. भात नको म्हणताना म्हणतत तसा. परत."

"पुरो."

"ह्या शिपायाक म्हटलास. बाई, हळू. खालसून येवक व्हया. धरणाऱ्याक कळाक व्हया की आता आपण धरलेला दुसऱ्यान धरल्यान."

बी.ए. झालेली बाई एका शब्दासाठी पावसाळाभर विद्यार्थिनी होती. माझ्या सुनेला वाटलं सासूला काहीतरी झालंय, दिवसभर चुलीशी पुरो पुरो करते. जमलं मात्र नाही. माझं पुरो ऐकून वैनी नम्रपणे मान हलवायची आणि सुंभ आणखी घट्ट धरायची.

चवथ आली. नंदू आला, सून आली, गणपती आला. धक्क्यावर वैनी एकदाही गेली नव्हती. मास्तरांनी हे नंदूला सांगितलं नाही. त्यानं विचारायची वाट पाहत राहिले. तुम्हाला आमच्याकडची माटवी ठाऊक असेल. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपाऱ्यांची शिपटी, कांगणं, हरणाची फुलं असं रानातलं जे मिळेल ते बांधतात. बांधायला लागतं सुंभ. नंदू माटवी बांधत होता, सुंभ कमी पडलं. मागच्या अंगणात ताणलेलं दिसलं. त्यानं कोयत्यानं तुळशीपासून गडग्यापर्यंतचा तुकडा कापून घेतला. मुंबईत राहिलेल्या पोराला ते कपडे वाळत घालायचं वाटलं असणार.

आरतीला वैनी नव्हती. घरात नाही, विहिरीवर नाही, माझ्या पडवीत नाही. नंदू पळाला तो धक्क्यावर, आणि टाळ हातात घेऊनच आळीतली माणसं त्याच्या मागून. भरती होती. पाण्यात उतरून माणसं पायांनी चाचपू लागली. नंदू पायऱ्यांवर बसला म्हणे आणि तोंडात मूठ घालून ओरडू लागला. अंगणापर्यंत पोचलेला असला आवाज मी माणसाच्या गळ्यातून तोवर ऐकला नव्हता.

मास्तर धावले नाहीत. ते मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्याबरोबर होते म्हणून सांगते. तुळशीच्या पलीकडे, केळीच्या आडोशाला, जिथे सुंभ तुटलं होतं तिथे वैनी उभी होती. कापलेलं टोक तुळशीजवळ चिखलात पडलं होतं, ते तिनं उचलून दोन्ही मुठींत धरलं होतं. सुंभ संपलं होतं, म्हणून ती पुढे गेली नव्हती. कोणी पुरो म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं सोडलं नव्हतं. पाऊस तिच्या पदरावरून गळत होता.

नंदूला बोलावून आणलं. त्यानं आईच्या मुठी पाहिल्या, दारातून आत माटवीकडे पाहिलं, आणि कोयता विहिरीमागे फेकून दिला. न्यायची गोष्ट त्यानं परत काढली नाही. विसर्जनानंतर निघताना एवढंच म्हणाला, "बाबा, तुमका काय झाला तर?"

मास्तरांनी मुठी एकीवर एक ठेवल्या. यावेळी "फॉर डिअर लाइफ" म्हणाले नाहीत. गाडी वळणाआड गेली तरी मुठी तशाच होत्या.

झालं ते थंडी नुकती पडू लागली तेव्हा, भर सकाळी. मी अंगणात भात वाळत घालत होते. गडग्यावरून वैनी दिसली, सुंभ धरून विहीर आणि तुळस यांच्या मध्ये उभी. म्हटलं, मास्तर फुलं काढत असतील. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हाही ती तिथेच. तिसऱ्यांदा बघितल्यावर मी चिऱ्यांच्या वाटेनं आत गेले.

मास्तर विहिरीच्या काठाशी उताणे. कळशी बाजूला, पाणी सांडून जमिनीत जिरलेलंही. डोळे उघडे होते. वैनी त्यांच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "निजले. पुरो म्हणूक नाय अजून."

माणसं जमली. डॉक्टर येऊन गेला. मास्तरांना ओटीवर नेऊन ठेवलं. नंदू वाटेत होता, पण दिवस मावळायच्या आत उचलायचं ठरलं होतं. आणि वैनी अंगणात तशीच, सकाळपासून. उन्हात. तिच्या पायांखाली ओलं झालं होतं. बायका म्हणाल्या, तिला आणायला हवं, शेवटचं तोंड बघायला हवं. दोघीतिघींनी बोटं उकलायचा प्रयत्न केला. बोटं पांढरी पडली, पण उकलली नाहीत. एकीच्या मनगटाला वैनी चावली.

"ओढा तिका. दोन बापये बोलवा," कोणीतरी म्हणालं.

शेवंती तेवढ्यात टोपली ठेवून आत आली. "ओढू नकात," ती म्हणाली. "तशी सोडूची नाय ती." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुमी म्हणा."

"माझ्यानं जमत नाही गो."

"मेल्यार शिकतलास?"

मी वैनीसमोर जाऊन उभी राहिले. पहिलं पुरो म्हटलं ते भाताचंच आलं. तिनं मान हलवली. मी तिच्या मुठींच्या पुढे सुंभ धरलं, बोटांच्या टोकांनी नव्हे. काथ्या चावला. ओटीवर मास्तरांचे पाय दिसत होते, तळव्यांना विहिरीकाठची माती तशीच. मी काय विचार केला ते मला सांगता यायचं नाही. तोंडातून शब्द आला तो माझा नव्हता.

"पुरो."

बोटं एकेक करून सुटली. तळव्यांवर काथ्याची वेणी उठली होती. तिला धरून मी ओटीवर नेलं. ती मास्तरांच्या उशाशी बसली, पाहिलं, आणि मला हळूच विचारलं, "धक्क्यार तर इली काय?"

मी म्हटलं, "इली."

नंदू तिला मुंबईला घेऊन गेला. काय करणार होता? बंद घराची किल्ली माझ्याकडे ठेवली. सुंभ काढू का, विचारलं, मी नको म्हटलं. शेवाळलेल्या अंगणात मला आणि शेवंतीला ते उपयोगी पडतं. ती आता मासे घेऊन त्यांच्या अंगणातून येते, सुंभ धरत.

मुंबईला वैनीनं खिडकीचे गज धरायला सुरुवात केली. नंदूचा फोन यायचा, चित्रवाला. माझा नातू फोन माझ्यासमोर धरायचा आणि त्यात गज, आणि गजांवर त्या मुठी. "काकी, सोडत नाय ती. जेवण र्‍हवला. तुमी म्हणा." मी फोनमध्ये तोंड घालून म्हणायची. कधी आमटीला फोडणी देता देता, कधी नळावर. कधी एका दिवसात जेवणाआधीही आणि आंघोळीआधीही. मुठी सुटल्या की नंदू घाईघाईनं "थँक्यू काकी" म्हणायचा आणि फोन काळा व्हायचा. मला गंमत वाटायची. जिनं जन्मभर सगळं सैल धरलं, तिच्यावर मुंबईतल्या मुठी सोडवायचं काम आलं.

मग फोन कमी झाले. गज धरण्याएवढा जोर तिच्यात उरला नाही, असं नंदू म्हणाला.

शेवटचा फोन आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. सकाळची वेळ. शेवंती विहिरीपाशी पोचली होती, डोक्यावर टोपली, एका हातानं सुंभ धरलेलं. "बाई, सुंगटां व्हयी काय?" असं तिनं तिथूनच विचारलं आणि माझा चेहरा बघून ती आहे तिथे थांबली.

नंदू हॉस्पिटलात होता. फोनमध्ये पलंगाचा लोखंडी दांडा होता, त्यावर एकच मूठ. आता ती मूठ नव्हती, चिमणीचा पाय होता. पण धरलेलं होतं. "काकी," नंदू म्हणाला, "डॉक्टर म्हणतत, काय्येक उराक नाय. तीन दिवस अशीच आसा. तरास खूप होता. पण सोडना नाय. मी म्हणान बघितलंय. माझा ऐकना नाय. मी तिच्या कानाशी फोन धरतंय."

मी म्हटलं, "नंदू, तुका कळता मां, तू काय सांगतंस माका?"

"कळता."

फोनमधलं चित्र हललं. पांढरे केस दिसले, मग कान, मग नुसता अंधार. श्वास ऐकू येत होता, अडकत, सुटत, परत अडकत. नातवाला मी आत जायला सांगितलं. मास्तर गडग्याच्या पलीकडे उभे आहेत आणि परत म्हणा, असं सांगताहेत, असं मला वाटलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही वाटलं नाही. गडग्यावर कढीपत्त्याची फांदी होती आणि तिच्यावर पाणी.

मी म्हटलं, हळू, खालून.

"पुरो."

परत म्हणावं लागलं नाही.

विहिरीपाशी शेवंतीनं ऐकलं होतं. सुंभावरची तिची मूठ उघडली होती, आणि ती ओल्या अंगणात काही न धरता तशीच उभी होती.